वीस फुटांवरची खुर्ची

प्रिय चष्मेवाली,

हे पत्र फाडायच्या आधी एकदा वाच. मग हवे तेवढे तुकडे कर.

तुझं नाव घ्यायचा हक्क मी त्या मंगळवारी घालवला. सहा महिने आपण एकाच हॉलमध्ये जुने फॉर्म बघून कॉम्प्युटरवर भरत होतो. तू दाराजवळ, मी समोरच्या टोकाला खिडकीखाली. दर वीस मिनिटांनी तू मान वर करायचीस, थेट माझ्याकडे बघायचीस, सावकाश पापण्या मिटायचीस आणि पुन्हा कामाला लागायचीस. कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाकडे असं कोण बघतं? मी हवेतच होतो. रोज दाढी करायला लागलो, तर आई म्हणाली, कामाला निघालास की स्वतःच्या लग्नाला?

आणि त्या मंगळवारी सुपरवायझरनं तुझ्या टेबलापुढे ते लोखंडी कपाट आणून ठेवलं. बिचाऱ्याला फॉर्म ठेवायला जागा नव्हती. मला वाटलं, मुद्दाम, तू मला दिसू नयेस म्हणून. माझं डोकं कसं आहे ते आता तुला ठाऊकच आहे. मी त्याची कॉलर धरून त्याचं तोंड कपाटाच्या दारावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्या वेळी दात तुटल्याचा आवाज आला, तरी हात थांबला नाही. तुझ्या कीबोर्डवर रक्त उडालं. तू किंचाळलीस, आणि मला वाटलं, माझ्या काळजीनं.

पोलिसांना तू सांगितलंस, या माणसाशी मी कधी बोललेही नाही. डोळे कोरडे पडून जळतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, पापण्या मिटत राहायच्या. वीस फुटांवर माझी खुर्ची होती, एवढंच. हवालदार फस्सकन हसला. त्याचा गळा आवळावासा वाटला. मग वाटलं, आवळायचा तर स्वतःचाच.

जामिनावर सुटून आठवडा झाला. तुझ्या शेजारी बसते ती माझी मावसबहीण. ती काल मला वाटेल ते बोलली. म्हणाली, कपाट हलवलं, तरी ती पोर आता मान वरच करत नाही. समोर तुझी ती रिकामी खुर्ची दिसते ना. डोळे लालभडक झालेत, दुपारपर्यंत अक्षरं दिसेनाशी होतात.

सुपरवायझरचे दात मला परत लावता येणार नाहीत. तुझे डोळे तरी माझ्यामुळे जायला नकोत. म्हणून बहिणीला सांगून ती खुर्ची तिथून उचलायला लावली. शनिवारी मी हे शहर सोडतोय. कोर्टाच्या तारखेपुरता येईन, मान खाली घालून. आता तिथे नुसती खिडकी आहे, पलीकडे पाण्याची टाकी. सोमवारपासून मान वर कर. मोजून वीस सेकंद बघ. तिथे कोणी नाही.

तुझा कधीच नव्हतो तो,
खिडकीखालचा