कुलूपवाल्याच्या दाराचं कुलूप

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७
हिची मेमरी गेली आहे. पुरावे गोळा करायला ही वही. आजचा पुरावा: चहा दिलाच नाही आणि दोनदा दिला म्हणते. वाद घातला नाही. आजारी बायकोशी काय भांडायचं! (माझ्या समोर दोन रिकामे कप होते. कुणीतरी येऊन गेलं असेल.)

४ मार्च
आमच्या दाराला आतून कुलूप! किल्ली हिच्या गळ्यात. फिरून येतो म्हटलं तर म्हणाली, लेक आली की सगळेच जाऊ. चाळीस वर्षं मी लोकांची अडलेली कुलपं उघडली आणि आता मीच घरात कोंडलेला. डोकं फिरलं. निर्धार: रविवारपर्यंत हे कुलूप उघडायचं आणि एकट्याने बागेपर्यंत जाऊन यायचं.

५ मार्च. दुपारी
कुलपाची पाहणी केली. कुणा शिकाऊचं काम दिसतंय. चारातले दोन स्क्रू तिरके. असल्या माणसाला मी दुकानाच्या पायरीवरही उभं केलं नसतं. पाच मिनिटांचं काम. त्यामुळे घाई नाही, आज झोप काढली.

६ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दाखवायचं होतं हिला, पण हिला वाईट वाटू नये म्हणून खुर्चीत मी बसलो. पाच शब्द लक्षात ठेवा म्हणाल्या. हुशारीने तळहातावर लिहून घेतले. मग हात धुतले. तरी एक शब्द ठामपणे सांगितला: साबण. तो त्यांनी दिलाच नव्हता म्हणे. पुढे घड्याळाचं चित्र काढा! मी कुलूपवाला आहे, घड्याळजी नाही, असं ठणकावलं. लेक सारखी डोळे पुसत होती. सर्दी झाली असेल.

७ मार्च. सकाळी
तार वाकवून कुलपात घातली. फिरेना. तार खराब. दुसरी घेतली, तीही खराब. हल्ली मालच असा येतो.

संध्याकाळी ५
आतला खटका उलटा बसवलाय. ही युक्ती माझी! धंद्यात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. चोरली कुणीतरी.

८ मार्च, रविवार
दार बडवलं. ओरडलो. समोरचा शिंपी बाहेर येऊन उभा राहिला तरी थांबलो नाही. हिला नको नको ते बोललो.

ही स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. जानेवारीत मी फिरायला गेलो तो नऊ तास सापडलो नाही. शेवटी बसडेपोत मिळालो, अनवाणी. दुसऱ्या दिवशी मीच हत्यारांची पेटी काढली आणि हे कुलूप बसवलं. मला उघडता येणार नाही असं. मी कितीही मागितली, शिव्या दिल्या, तरी किल्ली द्यायची नाही, अशी शपथ घातली म्हणे हिला.

मी म्हटलं, स्क्रू तिरके आहेत. म्हणाली, हात थरथरत होते तुमचे.

मला यातलं काहीही आठवत नाही. भीती वाटली. फार भीती वाटली. हिचा हात धरून म्हटलं, शहाणी आहेस. उद्या मागितली तरी देऊ नकोस.

म्हणाली, गेल्या रविवारीही हेच म्हणालात. त्याच्या आधीच्याही.