डाव्या खांद्यावरचं ओझं

४ मार्च
शी! आज पुन्हा नऊ मजले — त्या धोंड्यासकट. लिफ्ट तपासणाऱ्यालाच लिफ्ट मिळत नाही, हा विनोद प्रत्येक इमारतीत कुणीतरी नव्याने ऐकवतं आणि स्वतःच हसतं. तपासणी चालू म्हणजे लिफ्ट बंद, आणि यंत्राची खोली गच्चीवर. म्हणजे जिना आलाच.

सहाव्या मजल्यावर डावा खांदा इतका भरून आला की बॅग टाकली आणि पायरीवर बसलो. समोर कोपऱ्यात कुणीतरी थुंकून ठेवलेलं, त्याच्याकडे बघत. बॅग उतरवल्यावर लगेच बरं वाटलं. लॅपटॉप कसला, फरशी आहे नुसती!

५ मार्च
आमच्या ऑफिसचा न्याय: साहेब खुर्चीतून हलत नाहीत, म्हणून त्यांना पापुद्र्यासारखा पातळ लॅपटॉप. आम्ही गावोगाव फिरतो, म्हणून आम्हाला जुनी धुडं. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि उंटही हलकाच हवा!

हलका मागितला. म्हणाले, "दोन किलोनं काय फरक पडतो हो? तब्येत बघा जरा." स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं. बोलायला यांचं काय जातं!

८ मार्च
बॅगेच्या पट्ट्यावर घामाचं मीठ साचलंय. लॅपटॉपच्या बटणांच्या फटीत माझ्या आधीच्या माणसाचे केस. काडीने काढले. किळस येते, पण करणार काय.

बसमध्ये बॅग वरच्या फळीवर ठेवायची सोय नाही, पडली तर खालच्याचा कपाळमोक्ष. म्हणून प्रवासभर मांडीवर. गाव येईपर्यंत पाय बधिर.

बायको म्हणाली, "एकदा दाखवून ये ना डॉक्टरांना. घाम बघ किती येतो तुला." मी म्हटलं, डॉक्टर काय लॅपटॉप हलका करून देणार आहे? आजार मला ठाऊक आहे आणि औषधही. तिने खांद्याला मलम चोळून दिलं.

९ मार्च
अंगाला मलमाचा वास, बॅगेला घामाचा. बसमध्ये शेजारचा उठून मागे गेला. बरं झालं, ऐसपैस बसलो.

१३ मार्च
भांडलो! साहेबांना सांगितलं, हे धूड घेऊन यापुढे एक जिना चढणार नाही. तर शांतपणे म्हणतात, मग ऑफिसात बसा, दुसऱ्यांचे अहवाल तपासा. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ या माणसाचं तोंड बघायचं! फिरती गेली तर मी संपलोच. मला हेच एक काम येतं आणि हेच आवडतं. खांद्याने आता दगा देऊ नये एवढंच.

१८ मार्च
मिळाला! साहेबांना नवीन आला, त्यांचा उतरलेला माझ्याकडे. उष्टा का असेना, हलका आहे. धाकट्या लेकीने दोन बोटांत उचलला आणि विचारलं, "बाबा, यात नक्की काही आहे का?"

एक भानगड आहेच. लिफ्टला जोडायची आमची जुनी केबल याला बसत नाही, त्यासाठी वेगळी डबी, डबीला वेगळी वायर. नाकापेक्षा मोती जड. तरीही बॅग खांद्यावर आहे की राहिली, ते हात लावून बघावं लागतं. बायकोला म्हटलं, बघ, मिळालं की नाही औषध? ती हसली नाही.

२० मार्च
पाचव्या मजल्यावर पुन्हा तेच. संताप आला! त्या धोंड्याने खांदा कायमचा बिघडवून ठेवलाय. बॅग उजव्या खांद्यावर घेतली, तरी दुखला डावाच. त्याला कुणी सांगितलंच नाही वाटतं, की ओझं उतरलंय.

जेवण गेलं नाही. विषय डोक्यातून जाईना.

२१ मार्च
आज बॅग खाली रखवालदाराकडे ठेवली आणि मोकळ्या हातांनी चढून बघितलं. चौथ्या मजल्यावर डावा खांदा. मग दंड. मग जबडा. थांबलो तसं थांबलं.

पायरीवरूनच बायकोला फोन केला. म्हटलं, तू म्हणत होतीस ना डॉक्टरांचं — चल माझ्याबरोबर, आत्ताच. तिने विचारलं, "हाडांच्या ना?"

"नाही. हृदयाच्या."