पाणी डोंगरावर चढत नाही

३ मे
लोरीना चर्चमधून नवं खूळ घेऊन आली. पुराचा विमा. डार्लीन कॉडिलने डोक्यात भरवलंय. डार्लीन हिच्याच चर्चमधली, शहरात विम्याचं ऑफिस चालवते, म्हणजे तिला दुसरं सुचणार काय? मी लोरीनाला शांतपणे समजावलं. आपण केंटकीच्या डोंगरात राहतो. पूर सपाटीवरच्या लोकांना येतात. पाणी उताराने खाली जातं, डोंगरावर चढत नाही.
ती म्हणाली, "आर्लिस, आपण डोंगरावर नाही. दोन डोंगरांच्या मधल्या घळीत आहोत. ते खाली जाणारं पाणी आपल्याच दारावरून जातं."
हिला भूगोल शिकवण्यात अर्थ नाही. विषय संपला.

९ मे
विषय संपला नाही. आज जेवणात नुसते बीन्स. मक्याचा ब्रेड नाही.
सरकारी नकाशा मोबाइलवर काढून दाखवला. पुराचा निळा रंग आमच्या फाटकापाशी थांबतो. चक्क थांबतो! शेजारचा होबार्ट स्लोन पूर्ण निळ्यात. मी पूर्ण पांढऱ्यात.
लोरीना म्हणाली, "फाटक बघून पाणी थांबणार आहे का?"
सरकारने काहीतरी मोजूनच काढला असेल ना नकाशा.

१८ मे
होबार्टने पुराचा विमा काढलाय म्हणे, गेल्याच वर्षी. म्हटलं, "काय लेका, बोट पण घेतलीस का?" हसला. बायको गेल्यापासून थोडा घाबरट झालाय बिचारा. एक कुत्रं आणि तो.
शिवाय आमचा घराचा विमा आहेच. त्यात आग, वारा, झाड पडणं, सगळं आहे. पाणीही असणारच.

१९ मे
पाणी नाही. डार्लीनने फोनवर सांगितलं. "आर्लिसभाऊ, छपरातून आत आलं तर आपलं. जमिनीवरून आत आलं तर आपलं नाही."
म्हटलं, ताई, पाणी ते पाणी. ते आत कुठून आलं हे मी त्याला विचारत बसू का?
तरी लोरीनाच्या समाधानासाठी सोमवारी ऑफिसात जाऊन येईन. नक्की.

२ जून
सोमवारी टोमॅटोला काठ्या लावायच्या होत्या. त्यानंतरच्या सोमवारी गुडघा. मग ट्रकचा पट्टा तुटला. मी टाळतोय असं लोरीनाला वाटतं. तीस वर्षं याच घळीतून स्कूलबस चालवली, बर्फात, चिखलात. पाऊस मला कळतो. या उन्हाळ्यात विशेष पाऊस नाही.

२४ जून
गेलो. आता कुणी बोलू नये.
डार्लीनने चांगली कॉफी दिली. मग म्हणाली, "आज सही केलीत की एका महिन्याने विमा लागू."
एका महिन्याने! म्हटलं, आज दुखतंय आणि तुमची गोळी पुढच्या महिन्यात गुण देणार? ती म्हणाली, "भाऊ, नाहीतर लोक ढग बघून यायला लागतील." मला ढग बघून येणाऱ्यांत धरलं! मी टोपी उचलली आणि बाहेर पडलो. माणसाला स्वाभिमान असतो.
घरी आलो. लोरीनाने दारातच विचारलं, "झालं?"
मी म्हणालो, "झालं."
यात खोटं काही नाही. माझं जाऊन येणं झालंच होतं. एक-दोन दिवसांत राग निवळला की नीट सांगेन.

२५ जून
मक्याचा ब्रेड, तळलेलं चिकन, वर लोण्यातली भेंडी. लोरीना गुणगुणत होती. अशा वातावरणात कोण सांगणार?

१ जुलै
नवीन अडचण. लोरीनाने डार्लीनसाठी ब्लॅकबेरी भरून गोड पाय भाजला. "माझ्या नवऱ्याला दारात आणायचं म्हणजे तिने काय काय सोसलं असेल!" स्वतः नेऊन देणार होती. मी म्हटलं, तू उन्हात कशाला जातेस, मी देऊन येतो.
पेट्रोल पंपाच्या मागे ट्रक लावून खाल्ला. अर्धाच खाणार होतो. पण अर्धा पाय परत नेऊन काय सांगायचं? पोट जड झालंय. टिन धुऊन नेला. डार्लीनला फार आवडला असं सांगितलं.

३ जुलै
आज रविवार, चर्चला जाऊ नये असं सुचवलं. हल्ली मोबाइलवरही प्रवचन ऐकता येतं, देव काय सगळीकडेच आहे. लोरीनाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.
मग डोंगरापलीकडच्या चर्चला जाऊ म्हटलं. तिथलं गाणं चांगलं असतं. "आपल्या चर्चला काय झालं?" म्हणाली. शेवटी गेलो आपल्याच. डार्लीन दिसताच मला खोकला आला आणि लोरीनाला मला घेऊन बाहेर यावं लागलं. असं किती रविवार खोकणार? पण एकदा उन्हाळा सरला की पुराचं नाव कोण काढतंय.

७ जुलै
लोरीना एकटीच शहरात जाऊन आली. दुकानात कोण भेटलं विचारलं तर म्हणाली, "बरीच माणसं." जेवताना मध्येच म्हणाली, "आर्लिस, मला काही सांगायचंय का तुला?"
म्हटलं, टोमॅटो यंदा छान धरलेत.
"बरं," म्हणाली. गुणगुणणं बंद झालंय. पाय दुखत असतील.

१५ जुलै
पुन्हा तेच. "काही सांगायचंय?" या महिन्यात दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा. हिची तब्येत ठीक नसावी. मी म्हटलं, मका वितीवितीने वाढतोय. ती भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

२६ जुलै
सलग तीन दिवस पाऊस. दारासमोरच्या ओढ्यात खुणा केलेली काठी रोवली. शास्त्रशुद्ध निरीक्षण करणार. पाणी दुसऱ्या खुणेपर्यंत. आठवी खूण धोक्याची. म्हणजे भरपूर वाव आहे. होबार्ट सामान माळ्यावर चढवतोय. त्याला माझी काठी दाखवली.

२७ जुलै, संध्याकाळ
काठी वाहून गेली. त्यामुळे आजची पातळी नोंदवता आली नाही. काळजीचं कारण नाही.
मोबाइल सारखा कर्कश वाजून पुराचा इशारा देतोय. बंद करून ठेवला. माणसाला झोप हवी.
उद्या लोरीनाला सगळं सांगणार. ठरलं. सकाळी, कॉफी झाल्यावर.

२८ जुलै, सकाळ
कॉफी झाली नाही.
हे आमच्या घरामागच्या टेकाडावरून लिहितोय, घराण्याच्या दफनभूमीतून. रोजनिशी रेनकोटात होती. उजाडताना लोरीनाने हलवून उठवलं. पलंगावरून खाली पाय टाकला तर घोट्यापर्यंत पाणी, तपकिरी, गार, त्याला डिझेलचा वास. चपला खोलीभर फिरत होत्या. मी म्हटलं, आधी फ्रीज उचलून टेबलावर ठेवू. लोरीनाने माझी बाही धरली आणि मागच्या दाराने ओढत वर आणलं. ती पुढे, मी मागे, चिखलात चार पायांवर. ओढा असा वर येताना मी आयुष्यात पाहिला नव्हता. वळून पाहिलं तेव्हा खिडक्यांना लागला होता.
होबार्ट आधीच इथे. काखेत कुत्रं, हातात बीन्सच्या लोणच्याची बरणी.

२८ जुलै, दुपार
अडकलो. खाली पाणी, मागे कडा. कड्यावरून माती सुटतेय. मोबाइलला रेंज नाही. बसायला जागा म्हणजे माझ्या आजोबांच्या थडग्याची शिळा. आजोबांनी घर ओढ्याकाठी बांधलं आणि स्वतःला पुरायला मात्र इथे वर सांगितलं. हुशार म्हातारा. हीच अक्कल घर बांधताना का वापरली नाही?
समोरून काय काय गेलं. कोंबड्यांचं खुराडं. सूं सूं करणारी गॅसची टाकी. कुणाचीतरी स्कूलबस. रिकामी होती. दोनदा नीट पाहिलं.
लोरीना बसून घराकडे बघतेय. आईचं लाकडी कपाट आत आहे तिचं. रडत नाही. मला कळतं का. हिला वाटतंय, विमा आहे. बिचारी. आता सांगितलं तर हिला धक्का बसेल. एवढ्याशा जागेत धक्का बसायला जागा नाही. मी गप्प राहतोय ते तिच्यासाठी.

२८ जुलै, पुढे
घर हललं. आधी वाटलं माझीच नजर हलतेय. मग एक कोपरा वर आला, कण्हल्यासारखा आवाज झाला, आणि अख्खं घर दगडी पायावरून उतरून चालू लागलं. पडवीतली खुर्ची डुलत होती. कुणीतरी बसलंय असं वाटावं तशी.
होबार्टने टोपी काढली.
लोरीना माझ्याकडे न बघता म्हणाली, "आर्लिस, आता तरी काही सांगायचंय?"
मी म्हणालो, "पाया सिमेंटचा घ्यायला हवा होता."
ती उठून टेकाडाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. दुसरं टोक फार लांब नाही.

२९ जुलै
अजून इथेच. बीन्स संपले. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, आम्ही शर्ट हलवले, ते पुढे गेलं. लोरीना होबार्टशी बोलते, कुत्र्याशी बोलते.
होबार्टचंही घर गेलं. म्हटलं, तुझं काय बाबा, तुला विमा मिळेल. तेव्हा तो लहान मुलासारखा रडायला लागला. फोनचे निरोप टिपणाऱ्या जुन्या यंत्रात त्याच्या बायकोचा, वेल्माचा आवाज होता. "आम्ही घरी नाही, निरोप ठेवा." रोज लावून ऐकायचा. "आर्लिस, तो कुठल्या विम्यात बसतो रे?" म्हणाला.
लोरीनाने त्याचा हात धरला.
दुपारी दोघेजण मासेमारीची बोट घेऊन आले. सुटलो.

३१ जुलै
शाळेच्या व्यायामशाळेत आहोत. ओळीने खाटा. सगळी घळ एका छपराखाली. पळून जायला जागा नाही. सगळे एकमेकांना विचारतात, विमा होता? मी "बघू" म्हणतो.
चर्चची मंडळी जेवण वाढायला येणार आहेत. त्यांत डार्लीन असेल. आज भूक नाही, झोपून राहणार.

१ ऑगस्ट
मी झोपून राहिलो तरी डार्लीन खाटेपाशी आली. मी घोंगडी डोक्यावर घेतली. ती लोरीनाच्या गळ्यात पडून रडायला लागली. "लोरीनाताई, थोडक्यात चुकलं गं! आणखी आठ-नऊ दिवस पूर थांबला असता तर तुमचा विमा लागू झाला असता."
मी घोंगडीतून बाहेर आलो. "कुठला विमा?"
लोरीना म्हणाली, "मी काढलेला. सात जुलैला. दुकानात हिला विचारलं, ब्लॅकबेरीचा पाय कसा झाला होता. ही म्हणाली, कुठला पाय?"
आजूबाजूच्या खाटांवरची मंडळी उठून बसली.
मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस?
"तू सांगशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "रोज."
डार्लीन डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी कॉफी पिऊन सही केली असतीत ना, तर विमा चोवीस जुलैलाच लागू झाला असता. पुराच्या आधी."
मी म्हटलं, म्हणजे शेवटी लोरीनानेही उशीरच केला. चूक दोघांची, निम्मी निम्मी. होबार्टने कुत्र्याला जवळ ओढलं.

६ ऑगस्ट
आजपासून आमचं घर विम्यात आहे.
घर पुलाला अडकून बसलं होतं. पाणी तुंबतं म्हणून काउंटीच्या सरकारी माणसांनी सकाळी मशीन आणून मोडलं. मी पुलावर उभा होतो. स्वयंपाकघराचा पिवळा रंग दिसला, मग दिसेना. डार्लीनला फोन करून विचारलं, आज घर गेलं, आज विमा चालू आहे, काहीतरी करता येईल ना? ती हळूच म्हणाली, "आर्लिसभाऊ, जेवलात का?"

७ ऑगस्ट
लोरीना उत्तरेला डेटन शहरात गेली, आमच्या मुलीकडे, ट्रेसाकडे. चार दिवस विश्रांती. मला मागे राहणं भाग आहे, सरकारी मदतीचं बघायला. नवीन घरासाठी जागाही हेरलीय, वळणापलीकडे. ओढ्यापासून चांगली लांब. निदान दिसायला.
निघताना भांडलीबिंडली नाही. माझी कॉलर सरळ केली. दान आलेल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यातून तिला हवं ते मीच शोधून दिलं. लोकरीचा लांब कोट, आतून अस्तर, बटणं सगळी शाबूत. मापाचा निघाला. खूश झाली असावी.
संध्याकाळी होबार्टला हे सांगितलं. तो म्हणाला, "चार दिवसांसाठी कोट?"
म्हटलं, डेटनला थंडी जास्त असते.
तो म्हणाला, "ऑगस्टमध्ये?"