माझा उजवा हात आणि मुनिसाच्या लग्नाचा पुलाव

आदरणीय सल्तनत ओपा,

कोकंदहून तुमच्या धाकट्या भावाचा, हमदमचा, छातीवर हात ठेवून आणि मान वाकेल तेवढी वाकवून सलाम. (मान सध्या फारशी वाकत नाही. सलाम तोकडा वाटला तर आदर कमी झाला असं समजू नका.) तुम्ही बऱ्या आहात ना? ताश्कंदची हवा कशी आहे? तुमचे यजमान, आमचे रहीमजान पोच्चा, त्यांच्या गुडघ्यांना उतार पडला का? आणि आमची भाची मुनिसा, नवरी व्हायची म्हणून आतापासून लाजते, की अजून भावांना बदडते? इकडे तुमची भावजय आयदिन मजेत आहे, डाळिंबांना कळ्या आल्यात, गाय व्याली. मीही ठीक आहे. ठीक म्हणजे किती ठीक, ते सांगायलाच बसलोय.

तुमच्या कानावर उडत उडत आलंच असेल की हमदम कढईशेजारी मेला. ते खरं नाही, पण अगदी खोटंही नाही. मान आणि उजवा खांदा तर केव्हापासून धरलेलेच होते. (माणूस मावेल एवढ्या कढईत जन्मभर झारा फिरवणाऱ्याचा खांदा दुखणार नाही, तर काय मुल्लांचा दुखणार?) वसंतात इथल्या एका लग्नाचा सकाळचा पुलाव माझ्याकडे होता. गाजरं झाली, मांस झालं, तांदूळ पसरला, आणि झारा उचलायला गेलो तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं नाहीच. कुणाची तरी उसनी आणून लावल्यासारखी. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या आणि त्यांच्याबरोबर विचार चढला, की संपलं, हे हृदयाचंच. विचार आला तशी छाती धडधडायला लागली, हवा घशाखाली उतरेना, आणि मी होतो तिथंच जमिनीवर आडवा झालो. जेवायला आलेल्या मुल्लांनी (माणूस भला, पण घाई फार) लगेच दुवा म्हणायला घेतली. डोळे मिटून पडलेल्या मला दोनच गोष्टी कळत होत्या. मी मरतोय, आणि खालचा जाळ फार मोठा आहे. मी म्हटलं, "दुवा मागाहून करा हजरत, आधी लाकडं ओढा. तांदूळ लागेल." हे माझे शेवटचे शब्द म्हणून लोक अजून एकमेकांना सांगतात. पुलाव लागला नाही. कालव्यापलीकडचा साबिर, ज्याच्या पुलावात मी आयुष्यभर चुका काढल्या, तो जेवायला आला होता, त्याने बाह्या सारून झारा हातात घेतला. पुलाव चांगला झाला म्हणे. मीठ कमी असणार.

दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांनी तारा लावल्या, कागद पाहिला आणि म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे, घरी जा. ओपा, चांगली बातमी ऐकून एवढा अपमान मला कधी वाटला नव्हता. हृदय ठणठणीत, तर मी पडलो कशाला? म्हणजे नाटकी? मोहल्ल्यात तर तसंच ठरलं, आणि हळूहळू मलाही तेच वाटायला लागलं. फक्त हाताला नाटक येत नव्हतं. तो रोज सकाळी बधिर, आणि मानेपासून पाठीपर्यंत कुणी ओली दोरी पिळत बसावं तशी कळ.

मग उपाय सुरू झाले. आयदिनच्या मावशीने इसिरिकचा पाला जाळून अंगावरून धुरी फिरवली. नजर गेली की नाही कळलं नाही, माशा गेल्या. शेजारच्या गैरतने कुत्र्याच्या लोकरीचा पट्टा दिला. ऊब चांगली लागते, पण आमच्या मांजरीने घर सोडलं, ती अजून मावशीकडे राहते. मग वाळूचे उपचार करणाऱ्या एका तबीबाने मला तापलेल्या वाळूत मानेपर्यंत पुरलं आणि त्याची माणसं चहा प्यायला गेली. पहिल्यांदा बरं वाटलं. मग मनात आलं, ही मला विसरली तर? पुन्हा तीच धडधड. मी वाळू उधळत असा काही उठलो की तबीब म्हणाला, बघा, गुण आला.

शेवटी आयदिनने काही न विचारता मला फरगाण्याच्या गाडीत बसवलं. तिथं दिलोरोम नावाची नसांची डॉक्टर आहे, वयाने आपल्या मुनिसापेक्षा थोडी मोठी. तिने मान दाबून पाहिली, हातोडीने ठोकलं, फोटो काढायला लावले. मग म्हणाली, "बोटं बधिर झाली की मनात काय येतं, आका?" हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटलो, की वाटतं हात गेला, हात गेला की कढई गेली, आणि कढई गेली तर हमदम म्हणजे कोण. मग श्वास नीट चाललाय का ते बघतो, आणि बघायला लागलो की तो चालत नाही. म्हणून लग्नं घेईनासा झालो, म्हणून बाजारातही भिंतीच्या कडेने जातो. आयदिन शेजारीच बसली होती. यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली, पण माझी बाही तिने सोडली नाही.

दिलोरोम म्हणाली, "मानेतली नस दबतेय, स्नायू आखडलेत, ते दुखणं खरं. भीतीही खरीच. भ्यालात की खांदे कानाला लावता, त्याने हात बधिर होतो, आणि हात बधिर झाला की पुन्हा भिता. दोघी जावा एकमेकींचे कान भरतायत, एकीलाच समजावून भागणार नाही."

मी विचारलं, "म्हणजे मी नाटकी नाही?"

"एवढं दुखणारं नाटक कोण करेल?"

ओपा, समोर कांदा नसताना माझ्या डोळ्यांना पाणी आल्याची ही पहिलीच वेळ.

तर आता गोळ्या आहेत (सावकाश लागू पडतात, आमच्या रस्त्याच्या कामासारख्या), मानेचे व्यायाम आहेत, श्वास लांब सोडायचा आहे आणि रोज चालायचं आहे. श्वास फुकट आहे, चालणं महागात पडलं. बायकोबरोबर काही कामाशिवाय चालणारा पुरुष मोहल्ल्याने पाहिलेला नाही. प्रत्येक दारात, "कुठं निघालात?" आम्ही म्हणतो, कुठंच नाही. त्यावरून बातमी झाली की आम्ही घर विकतोय आणि जागा बघतोय. दोन गिऱ्हाईकं येऊनही गेली. बाकी सांगायचं तर काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. परवा काठोकाठ भरलेली चहाची वाटी हातातून पडली. मी तिथंच बसलो, श्वास सोडत राहिलो, आणि ते आलं तसं गेलं. पूर्ण जाईल का, हे दिलोरोमलाही सांगता येत नाही. ती तसं कबूल करते म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे.

तेव्हा काळजी नसावी. मुनिसा जन्मली तेव्हा तिच्या लग्नाचा पुलाव मी करीन असं बोललो होतो. शब्द शब्द आहे. पानगळीत झारा घेऊन हजर होतो. पोच्चांना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
हमदम

ता. क. कृपा करून कसलंही मलम पाठवू नका. घरात आता इतकी मलमं आहेत की भाकरीलाही कापराचा वास येतो.

ता. क. वर पुलावाबद्दल लिहिलंय ते ऐटीत लिहिलंय. मला ते जमणार नाही, ओपा. नवऱ्याकडच्या माणसांसमोर कढईशेजारी पडलो तर मुनिसाच्या लग्नातलं लोकांना तेवढंच आठवेल. साबिरला बोलवा. झारा त्याला फिरवू दे, मी शेजारी स्टुलावर बसून मीठ सांगेन. मात्र हे तुम्ही ठरवलंत असं सगळ्यांना सांगा. मोठ्या बहिणीचा हुकूम म्हटला की माझी अब्रूही राहील, आणि रागवायलाही मला मोकळीक मिळेल.

ता. क. आयदिनने वाचलं. म्हणाली, एक गोष्ट राहिली. तुम्ही फोन करता तेव्हा "बरा आहेस ना?" असं विचारता. त्यात उत्तर आधीच घालून ठेवलेलं असतं, मी नुसतं "हो" म्हणून पावती देतो. यापुढे "आज कुठं दुखतंय?" एवढं विचारा, आणि मग थोडा वेळ फोन ठेवू नका.