तीन पानांची आमरी

माधव नगर, उज्जैन
बुधवार

ती. अहल्याआत्यांना गोपाळचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे पुरता वाकलो नाही, पण पत्रात ते दिसत नाही.) तुमची कंबर आता कशी आहे? इकडे सगळे ठीक. शेजारचे तात्यासुद्धा ठीक आहेत. हे मुद्दाम का लिहितोय ते पुढे कळेल. फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून पत्र.

जुलैत आमच्या पाण्याच्या टाकीमागं, जिथं ऊन फिरकत नाही, तिथं मातीलगत एकच बदामी आकाराचं, चुण्या पडलेलं पान उगवलं होतं. मधुरा म्हणाली, तण आहे. देवास गेटचा नर्सरीवाला म्हणाला, "बाबूजी, जंगली है, उखाड़ के फेंको." मोबाइलनं आधी कोबी सांगितली आणि दुसऱ्या फोटोला (त्यात माझा अंगठा आला होता) सुरण. शेवटी तुम्हाला फोटो पाठवला. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेल्या तुम्ही लगेच निकाल दिलात: ही जमिनीतली आमरी, म्हणजे ऑर्किड. सावली हवी, पाणी बेतानं. पावसाच्या तोंडावर नुसतं फूल येतं, ते गेलं की पान, आणि तेही वर्षाला एकच. हात लावू नकोस.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या माणसावर इतकं नाजूक काम प्रथमच आलं. मी वर हिरवी जाळी बांधली, जाळीवर छत्री, भोवती मधुराची कपडे वाळवायची दोरी (त्यावरून दोन दिवस अबोला) आणि "छूना मना है" अशी पाटी. पाटी वाचून अर्धी कॉलनी बघायला आली. पण मेहनत फळली! आठवड्यात पानावरच्या चुण्या गेल्या (मला वाटलं, तब्येत सुधारली). मग दुसरं पान आलं, मग तिसरं. मी तुम्हाला फोन करून नवी जात, तिला आपल्या घराण्याचं नाव वगैरे पुष्कळ बोललो, आणि तुम्ही नागपूरच्या दोन निवृत्त प्राध्यापकांना घेऊन येत्या सोमवारी यायचं ठरवलंत.

काल मी टावर चौकात पितळी पाटी करायला गेलो आणि तात्यांना राखण करायला बसवलं. वय एक्क्याऐंशी, पण जागचे हलत नाहीत, हा त्यांचा गुण. परत येतो तर तात्या छत्रीखाली काहीतरी चघळतायत.

"तात्या, पानं कुठं गेली?"

"खाल्ली. ब्राह्मीच ना? स्मरणशक्तीला बरी. जरा मीठ हवं होतं."

मी तात्यांच्या तोंडात डोकावून बघितलं. (आधी आमरीसाठी रडू आलं, तात्यांची काळजी नंतर वाटली, हे फक्त तुम्हालाच सांगतो.) मग रिक्षा करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली, पोट दाबलं आणि म्हणाले, "कुछ नहीं हुआ, इनको भूख लगी है." तात्यांनी समोरच दोन प्लेट पोहे हाणले.

तेव्हा आत्या, सोमवारी येऊ नका. श्रावणी सोमवारी देवाच्या पालखीची सवारी निघते, रस्ते बंद असतात, तुमच्या कमरेला ते झेपणार नाही. पुढच्या जूनमध्ये एकदम फुलालाच या.

तुमचा,
गोपाळ

ता. क. पत्र मधुराला वाचून दाखवलं. ती पदर तोंडात धरून हसत सुटली. बघ्यांच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिनं तीन आठवड्यांपूर्वीच आमरी मातीच्या ढेकळासकट उचलून जिन्याखाली लावली होती, आणि मला जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथं रताळ्याचा कोंब खोचला होता. आमरी जिन्याखाली मजेत आहे. एक पान, चुण्यांसकट. छत्रीखाली मी वाढवलं ते रताळं.

ता. क. २ तर आत्या, अवश्य या, पण एकट्या. त्या दोन प्राध्यापकांना काहीही कारण सांगा. मी तापानं आजारी आहे म्हणा.

ता. क. ३ (मधुराच्या हातचं) आत्या, यांना ताप-बीप काही नाही. तिघंही या. सोमवार आहे, रताळ्याचा कीस करते.