बारशाआधी

३ फेब्रुवारी
वहिनीला मुलगा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लड़का है, बिलकुल स्वस्थ।" सगळे निर्धास्त. मलाही हायसं वाटायला हवं होतं.

८ फेब्रुवारी
मामी नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. देवश्रीवहिनी मामाचीच मुलगी. आल्हाददादाशी तिचं ठरलं तेव्हा आई खूश होती — घरातली मुलगी घरात. तरी माझा आजार तिला सांगितलेला नाही. माझ्या गोळ्या तिच्या लेखी थायरॉइडच्या.

मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा दोष, जन्मापासूनचा. हवं ते हार्मोन बनत नाही, पुरुषी मात्र जास्त बनतं. जन्मले तेव्हा मी मुलगा की मुलगी हेच कळेना. त्या तपासात आजार सापडला. मग ऑपरेशनं, दवाखाने. चौथीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. आई याला "बायकांचं दुखणं" म्हणते.

आईने बाळाला अजून मांडीवर घेतलेलं नाही. दुपट्यांच्या घड्या घालत राहते.

१२ फेब्रुवारी
बाळ सारखं ओकतंय. दूध ओढत नाही. दादा म्हणाला, "लहान मुलं ओकतातच. परवा बारसं होऊ दे, मग दाखवू."

इंदूरच्या माझ्या डॉक्टरांना फोन केला. हा आजार घराण्यातून येतो, मुलग्यांनाही तेवढाच होतो म्हणाले, फक्त बाहेरून दिसत नाही. अंगातलं मीठ निघून जातं. "देर मत कीजिए।"

आईला सांगितलं. "मुलाला कसा होईल? आणि तुझं लग्न व्हायचंय. एक अक्षर बोलू नकोस."

बाबा शिकवायचे, खात्री नसेल तर बोलू नये. खात्री कुठून आणू?

१३ फेब्रुवारी
सकाळी बाळ रडेचना. वहिनीला सगळं सांगितलं — माझं काय होतं, काय कापलं, तेही. ती एवढंच म्हणाली, "निहारिका, इतके दिवस?" बाळाला शालीत गुंडाळलं आणि निघाली. मी मागे धावले. फ्रीगंजच्या दवाखान्यात कळलं, रक्तातलं मीठ फार उतरलंय. सलाइन लावलं.

बारसं रद्द.

१९ फेब्रुवारी
बाळ वाचलं. गोळ्या आता जन्मभर, माझ्यासारख्याच. दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनीही कामापुरतंच.

२२ फेब्रुवारी
बाळ घरी आलं. आईने पहिल्यांदा मांडीवर घेतलं, बघत बसली. मग म्हणाली, "दादाच्या आधी एक होता. असाच ओकायचा. मुलगा होता, चांगला दिसत होता. कुणाला काही वाटलंच नाही."

मी नाव विचारलं.

"बारशाच्या आदल्या दिवशी गेला."