चूल, कणगी, उंबरा

बारामती,
नोव्हेंबर १९९९

प्रिय रोहिणी,

सासरी मॅडमचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. सगळं बरं आहे. म्हणजे शाळेतली कॉम्प्युटरची खोली बरी आहे. माझं आपलं चाललंय.

संध्याकाळी ऑफिसचा फोन मोकळा झाला की वायर लावून इंटरनेट जोडतो, ते अजून तसंच. मशीन खरखरलं की स्वप्नाली कानात बोटं घालते. आठवतं, मी तुम्हा पोरींना विषयवार फोल्डर पाडून दिले होते? एकीलाही काही सापडेना, मी चिडले. तू मात्र माझी सगळी मांडणी मोडलीस आणि इंग्रजी अक्षरांत नावं घातलीस: चूल, कणगी, उंबरा. आज शिकायचं ते चुलीवर, शिकून झालेलं कणगीत, अडलेलं उंबऱ्यावर. बाई गं, काय हसले होते मी! आता सगळ्याच पोरी मशीनमध्ये तशी आपापली घरं मांडतात. रेश्माच्या घरात तर चार चुली आहेत, एकीवरही धड काही शिजत नाही.

मीही माझं मांडलं. कणगी चित्रांनी, धड्यांनी भरली. चुलीवर काय ठेवावं ते सुचेना. घरीही तेच. हे गेल्यापासून एकटीसाठी चूल पेटवायची जिवावर येतं. सकाळची भाकरी रात्री दुधात कुस्करते, झालं.

मागं भिगवणला तुझ्या घरी येऊन गेले, तू रानात होतीस. बारावी पुरी करू द्या म्हणून तुझ्या सासूबाईंना, कुशाबाईंना, विनवलं. बाई वाईट नाहीत, चहा पाजला. पण म्हणाल्या, "तितं कसलं घर मांडलंय म्हणं तिनं? मग हितलं कुणी बघायचं?" एस.टी.त बसल्यावर रडू आलं.

आता मशीन भरलंय. शाळा सोडून गेलेल्यांची घरं काढून टाका, असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. तुझं काढायला बसले, पण उंबऱ्यावर तुझे अडलेले प्रश्न तसेच होते. हात चालेना. शेवटी माझंच घर काढून टाकलं, तुझं राहील एवढी जागा झाली. पण तुझ्यावाचून तुझं घर मी किती दिवस राखू? गुरुवारी कुशाबाई बारामतीच्या बाजाराला येतात, त्यांच्याबरोबर ये. त्यांना बाहेर उभं करू नकोस, आत आण. त्यांचंही घर मांडू, चूल त्या म्हणतील तिथं. त्यांना सांग, मॅडमला सोबत हवीय. हे काही निमित्त नाही, पोरी, खरंच हवीय. त्या दिवशी भाकरी तिघींच्या थापीन.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
सारजा मॅडम